गाडीनं पाणी पेलं होतं!

पांढुर्ण्याहून नागपूर म्हणजे शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. धडधाकट माणसाला हे अंतर काहीच वाटत नाही. सकाळी निघालं की दुपारी सीताबर्डीवर खरेदी आणि रात्री घरी जेवायला हजर! पण घरात केमोथेरपीचा पेशंट असला की हाच रस्ता किती लांबतो, ते आम्ही २०२४ साली अनुभवलं.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, घशाचा कर्करोग निघाला. दर एकवीस दिवसांनी नागपूरला केमो. जाताना एसटी किंवा मध्य प्रदेशची खासगी बस चालून जायची, पण येताना माणूस अगदी पिळून निघालेला असायचा. उलट्या व्हायच्या. लोकांच्या नजरा मामाजींना नकोशा वाटायच्या. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना आपल्या बैलगाडीत जागा दिली, त्यांना बसमध्ये पिशवी तोंडाशी धरून बसावं लागत होतं. भाड्याची गाडी प्रत्येक वेळी परवडणारी नव्हती. तेव्हा यांनी ठरवलं, मृग बहाराच्या संत्र्यांचे पैसे आले की एक जुनी कार घ्यायची.

ही हकीकत त्या कारची आहे. आमची फजिती चारचौघांत सांगायला संकोच वाटतो. मी शाळेत शिकवते, यांची संत्र्याची बाग आहे. दोघंही अगदी अडाणी नाही. तरी फसलो. पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपल्याकडे म्हणतात. आमची ठेच कुणाच्या उपयोगी पडली तर बरंच आहे. शिवाय हे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

चकचकीत दुकान आणि गोड बोलणं

मार्च २०२४ मध्ये आम्ही नागपूरला एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो. रस्त्याला लागून मोठं आवार, ओळीनं उभ्या केलेल्या धुतलेल्या गाड्या, काचेचं थंडगार ऑफिस. गेल्याबरोबर पाणी, मग चहा. "काका, काकू" करत तिथल्या पोरानं आम्हाला एक पांढरी हॅचबॅक दाखवली. २०१८ चं मॉडेल, पेट्रोल, ३१ हजार किलोमीटर फिरलेली, नंबर नागपूरचाच, एमएच ३१. "एकाच मालकाची आहे काका. म्हातारे गृहस्थ होते, फक्त बाजारापर्यंत न्यायचे. अशी गाडी परत मिळायची नाही."

आत बसलो तर छान वास येत होता. नवीन सीट कव्हर, नवीन पायपुसणी. मी म्हटलं सुद्धा, "किती नीट ठेवली आहे हो गाडी!" आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं. आतून इतका घमघमाट का मारला होता आणि खालचं सगळं नवीन का होतं, हा प्रश्न त्या वेळी डोक्यात आलाच नाही.

भाव ठरला ३ लाख ८५ हजार. त्यातले २ लाख ८५ हजार बँकेतून आणि १ लाख रोख. "बिल कमी दाखवू, तुमचाही टॅक्स वाचेल," असं तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. पावती मिळाली २ लाख ८५ हजारांची. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाहन जसे आहे तसे विकले.' आम्ही ते वाचलं नाही. नावावर करण्याचं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "महिन्याभरात एनओसी काढून देतो, तुमचा नंबर मध्य प्रदेशचा लागेल. तोपर्यंत बिनधास्त फिरवा." मूळ मालकानं सह्या केलेले फॉर्म त्यानं लांबूनच दाखवले. आमच्या हाती काही दिले नाहीत.

घरी येताना आम्ही सरळ पांढुर्ण्याला न येता सावनेरहून माझ्या माहेरच्या रस्त्याला वळलो. जामसावळीला निजलेल्या मारुतीरायाचं दर्शन घेतलं, गाडीची पूजा केली, नारळ फोडला. सौंसरला आईनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि समोर लिंबू-मिरची बांधली. मामाजी मागच्या सीटवर लोडाला टेकून बसले होते. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं!

सावनेरपुढची ती रात्र

दोन महिने गाडी बरी चालली. म्हणजे तशी कुरकुर होतीच. कधी काच खालीवर होत नसे, कधी हॉर्न आपोआप वाजे, सकाळी काचांवर आतून वाफ धरे. दमट वास येऊ लागला होता. विक्रेत्याला फोन केला की तो म्हणे, "जुनी गाडी आहे काकू, एवढं तेवढं चालायचंच." एनओसीचं विचारलं की, "पुढच्या आठवड्यात."

मे महिन्यातली गोष्ट. केमो आटोपायला उशीर झाला. नागपूरहून निघता निघता अंधार पडला. सावनेर सोडलं, जिथं एक रस्ता सौंसर-छिंदवाड्याला आणि दुसरा पांढुर्णा-बैतूलला फुटतो, तिथून आम्ही आपल्या रस्त्याला लागलो. पाच-सहा किलोमीटर आलो असू. एकाएकी गाडीतले सगळे दिवे गेले. समोरचे, मागचे, मीटरचे. इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रकचा हॉर्न आणि प्रकाशाचा झोत. यांनी सगळी ताकद लावून गाडी कशीबशी रस्त्याखाली घेतली आणि ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखा निघून गेला. त्या वाऱ्यानं गाडी हलली. मी मामाजींना कवटाळून बसले होते. त्यांच्या हाताला अजून सलाईनची पट्टी होती.

मोबाईलच्या उजेडात आम्ही रस्त्याच्या कडेला दोन तास काढले. जवळच्या ढाब्यावरच्या पोरांनी मामाजींसाठी खाट आणून दिली, पाणी दिलं. ओळख ना पाळख. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. सौंसरहून माझा भाऊ पिकअप घेऊन आला. मामाजींना पुढे बसवलं, गाडी दोरानं मागे बांधली आणि रात्री उशिरा माहेरी पोहोचलो.

मिस्त्रीचं निदान

दुसऱ्या दिवशी सौंसरच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. जीप आणि ट्रॅक्टरवर हात बसलेला माणूस. बोलणं कमी. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि सरसर ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा पट्टा काळाभोर, पण शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ. मग पायपुसणं उचललं, त्याखालचा गालिचा फाडला. खाली वाळलेल्या गाळाचा थर. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांना गंज. डिकीतलं जादाचं चाक काढलं, त्याच्या खड्ड्यातही तीच माती. वायरींचे जोड उघडले तर तांब्यावर हिरवी पूड चढलेली.

"बाई," ते म्हणाले, "या गाडीनं पाणी पेलं हाय. थोडंथोडकं नाही, सीटच्या वरपर्यंत."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मग मिस्त्रींच्या सांगण्यावरून गाडी त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या संगणकात गाडीच्या नंबरावर सगळा इतिहास होता. शेवटची नोंद सप्टेंबर २०२३ ची : पुरात बुडालेली गाडी ओढून आणली, दुरुस्तीचा अंदाज भारी, काम केले नाही. त्याआधीच्या नोंदीत किलोमीटर होते ६८ हजार! आमच्या मीटरवर घेताना ३१ हजार.

सप्टेंबर २०२३ म्हटल्यावर सगळा उलगडा झाला. त्या महिन्यात २३ तारखेच्या पहाटे नागपुरात काय झालं होतं ते वाचकांना आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं झोपेतून उठून गच्चीवर गेली, सैन्याला आणि आपत्ती दलाला बोलवावं लागलं. दारातल्या कार कागदाच्या होड्यांसारख्या वाहिल्या. टीव्हीवर ती दृश्यं पाहून आपण हळहळलो होतो. त्यातलीच एक गाडी सहा महिन्यांनी आपल्या अंगणात पूजा होऊन उभी राहील, हे कुणाच्या मनात येणार?

बुडालेल्या गाड्या जातात कुठे?

आरसीवर पत्ता होता. आम्ही दोघं शोधत तिथं गेलो. अंबाझरीच्या खालच्या अंगाची वस्ती. सत्तरी ओलांडलेलं जोडपं. 'म्हातारे गृहस्थ' एवढं मात्र त्या विक्रेत्यानं खरं सांगितलं होतं. गाडीचा नंबर ऐकताच आजोबा दचकले. "अहो, ती तर पुरात गेली! विमा कंपनीनं टोटल लॉस धरला, पैसे दिले. भंगारवाला येऊन घेऊन गेला. आम्ही दोन-चार कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. आम्हाला वाटलं, मोडीत निघाली असेल."

यातला व्यवहार मला नंतर समजला. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. मालकाला भरपाई मिळते आणि उरलेला सांगाडा बोली लावणाऱ्याला विकला जातो. इथवर सगळं कायदेशीर आहे. खरं म्हणजे गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. पण नोंदणी जिवंत राहिली की त्या सांगाड्यालाही मोल येतं. कुणी तो साठ-सत्तर हजारांत घेतो, धुतो, वाळवतो, इंजिन खोलून बसवतो, सीट बदलतो, अत्तर मारतो. इंजिन सुरू होतं. पण आजच्या गाडीत जागोजागी वायरी आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. त्यात शिरलेलं पाणी आतून हळूहळू गंज चढवत राहतं. महिन्यांनी, एखाद्या अंधाऱ्या वळणावर, त्याचा हिशेब होतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतरही पाण्यात बुडालेल्या गाड्या अशाच बाजारात आल्या होत्या. जिथं पूर, तिथून शे-दोनशे किलोमीटरवर गिऱ्हाईक. राज्याची सीमा मध्ये असली तर आणखी सोयीचं. कारण इकडच्या माणसाला तिकडची वस्ती ठाऊक नसते.

आजोबांना आम्ही सांगितलं की गाडी अजून तुमच्याच नावावर आहे. उद्या तिनं कुणाला उडवलं तर भरपाईसाठी नोंदणीतल्या मालकालाच जबाबदार धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात तसा निकाल दिला आहे. त्या खटल्यात गाडी एकामागून एक कितीतरी हातांत गेली होती, तरी जबाबदारी ज्याच्या नावावर नोंद होती त्याच्याकडेच आली. हे ऐकून आजींचे हात थरथरू लागले. आम्हाला वाईट वाटलं. फसलेले आम्ही एकटेच नव्हतो.

लिंबू, संत्री आणि बैल

आमचा मुलगा नागपूरला अर्थशास्त्र शिकतो. त्यानं एक गंमत सांगितली. आपण गाडीला नजर लागू नये म्हणून लिंबू बांधतो, पण अमेरिकेत खोड असलेल्या गाडीलाच 'लिंबू' म्हणतात! जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर 'लिंबांचा बाजार' असा निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला. पुढे २००१ साली याच विचारासाठी त्यांना दोघांबरोबर नोबेल मिळालं. हे गृहस्थ १९६७-६८ मध्ये दिल्लीला राहून गेले होते आणि त्या निबंधात आपल्याकडच्या सावकारीचंही उदाहरण आहे.

त्यांचं म्हणणं मला आमच्या संत्र्यांवरून चटकन समजलं. पेटीच्या तोंडाशी मोठं फळ आणि बुडाशी बारीक, असं काही जण भरतात. व्यापाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून तो सगळ्याच पेट्यांना मधला भाव देतो. मग ज्याची पेटी खालपर्यंत चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारात यायचं सोडतो. उरतात त्या लबाडीच्या पेट्या. भाव आणखी पडतो. एकाच्या लबाडीनं सगळ्यांचा बाजार बसतो. गाड्यांचंही तसंच. विकणाऱ्याला सगळं माहीत, घेणाऱ्याला काही नाही. सगळं नुकसान या फरकात आहे.

मामाजी खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकत होते. घसा बसला होता तरी बोलले, "आम्ही बैल घेतला की तोंड उघडून दात पाहो. दोनदाती, चारदाती, का जुळला. चालवून पाहो, जुंपून पाहो. तुम्ही काय पाह्यलं? काच पाह्यली!" आम्ही निरुत्तर. कपाशीच्या शेतात दोन तास औत ओढल्याशिवाय ज्यांनी कधी बैलाचा पैसा दिला नाही, त्यांची सून थंड ऑफिसात चहा पिऊन पावणेचार लाखांवरचा सौदा करून आली होती.

मोह

आता खरी परीक्षा पुढे होती. मिस्त्रींनी चौतीस हजारांचं काम करून गाडी पुन्हा सुरू करून दिली, पण बजावून सांगितलं, "भरवशाची नाही. रात्री नेऊ नका." विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं होतं. प्रत्यक्ष गेलो तर पावतीवरची ती बारीक ओळ त्यानं बोटानं दाखवली : जसे आहे तसे.

त्याच दिवसांत मुलताईकडचे एक ओळखीचे गृहस्थ गाडी पाहायला आले. धुतलेली, पांढरी शुभ्र गाडी दारात उभी. त्यांनी तीन लाख सांगितले. रोख. त्यांनाही काही दिसलं नाही, जसं आम्हाला दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझंही मन डळमळलं. केमोची बिलं समोर होती. हे पण गप्प होते. चहा झाला, बोलणं पक्कं होण्याच्या बेताला आलं, तेव्हा आतून मामाजी काठी टेकत बाहेर आले.

"भाऊ," ते म्हणाले, "गाडी पुरातली हाय. घ्याची असंल तर समजून घ्या."

गृहस्थ उठून गेले. हे रागावले, "मामला जुळत आला होता, बाबा!" मामाजींनी मग जुनी आठवण सांगितली. त्यांच्याकडे एक बैल होता, दिसायला राजबिंडा, पण भर तासात बसायचा. बाजारात त्यांनी घेणाऱ्याला आधीच सांगितलं, बैल बशा आहे. भाव निम्मा आला. घेणाऱ्यानं तो गाडीला वापरला आणि पुढे कित्येक वर्षं तोच माणूस पोळ्याच्या आधी येऊन मामाजींकडूनच वासरं नेत राहिला. "आपल्याले फसोलं म्हनून आपन दुसऱ्याले फसवाचं काय?" एवढं बोलून ते आत गेले. यानंतर गाडी विकण्याचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

कायद्याचा रस्ता

मग आम्ही सरळ मार्ग धरला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. वकिलामार्फत नोटीस दिली. उत्तर आलं नाही, तेव्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं. मनात मोठी धास्ती होती की विक्रेता महाराष्ट्रात, आम्ही मध्य प्रदेशात, दर तारखेला नागपूरला खेटे घालावे लागणार. पण वकिलांनी सांगितलं की २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ही अडचण काढून टाकली आहे. ग्राहक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आपलं नोकरी-शाळा-सरकार सगळं हिंदीत आणि मध्य प्रदेशात, पण दवाखाना, बाजार आणि सोयरीक नागपूरकडे. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ मध्ये आपला वेगळा जिल्हा झाला, तरी हे बदललेलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे.

आणि ती बारीक ओळ? वकील हसले. म्हणाले, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवणूकच आहे. 'जसे आहे तसे' लिहून ती धुतली जात नाही. आणखी एक गोष्ट कळली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात गेल्याची नोंद ऑनलाइन होते आणि तेव्हापासून विकेपर्यंत जबाबदारी त्याची. आमच्या विक्रेत्याकडे ते पत्रच नव्हतं. आम्ही विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी समजलं असतं.

तक्रार दाखल झाली आणि सर्व्हिस सेंटरचा इतिहास त्याला जोडला, तसा विक्रेता जागा झाला. तडजोडीला तयार झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं गाडी परत घेतली आणि २ लाख ६० हजार दिले. रोख दिलेल्या एका लाखाचं नावही काढता आलं नाही, कारण पावतीत ते नव्हतेच. 'टॅक्स वाचवायला' आम्ही जी लबाडी केली, ती आमच्याच अंगावर आली. दुरुस्तीचे चौतीस हजार धरून आमचं नुकसान झालं १ लाख ५९ हजारांचं.

जुनी गाडी घेताना

अनुभवानं शिकलेल्या काही गोष्टी इथं देते. कात्रण काढून ठेवलंत तरी चालेल.

• गाडी दिवसा, कोरड्या उजेडात पाहा. आपला मिस्त्री बरोबर न्या. त्याची हजार-पाचशेची मजुरी वाचवू नका.

• सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पायपुसणं आणि गालिचा उचला. जादाच्या चाकाचा खड्डा, सीटखालच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचांमधली वाफ पाहा. अत्तराचा वास फार येत असेल तर संशय घ्या.

• कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवून जुना इतिहास मागा. मीटरवरचे किलोमीटर त्याच्याशी ताडून पाहा.

• एम-परिवहनवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, दंड थकले आहेत का, हे बघा. विमा कंपनीकडून आधी भरपाई घेतली आहे का, तेही विचारा.

• विक्रेत्याचं अधिकारपत्र मागा. ते नसेल तर चहासुद्धा न पिता उठा.

• मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकतीचा फॉर्म २८ आणि कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर मध्य प्रदेशचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो खर्च भावात धरा.

• गाडी नावावर करताना विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

• सगळे पैसे बँकेतून द्या आणि पूर्ण रकमेची पावती घ्या. 'गाडी पुरात सापडलेली नाही, अपघातात टोटल लॉस झालेली नाही' असं विक्रेत्याकडून लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

• आपण गाडी विकत असाल तर कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसू नका.

आणि ते कारण

तडजोडीचे पैसे घेऊन घरी आलो त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं. मामाजींची केमो संपली होती, तपासणीचे अहवाल चांगले होते. मी त्यांना सांगितलं, "मामाजी, सुटलो एकदाचे. गाडी गेली."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ते गाडी आता तो कोनाले इकन?"

मला उत्तर देता आलं नाही. तडजोडीत आम्ही पैशांचं लिहिलं, गाडी मोडीत काढावी असं लिहून घेण्याचं कुणालाच सुचलं नाही. नागपूरच्या आजोबांनाही नोंदणी रद्द करण्याचा अर्ज द्या म्हणून सांगितलं होतं, पण म्हातारपणी त्यांना कचेरीची धास्ती वाटली. त्यांना दोष कसा देऊ?

२०२५ च्या दिवाळीत सहज म्हणून मी एम-परिवहनवर तो नंबर टाकला. आमच्याकडे असताना तिथं मालकाचा क्रमांक १ दिसायचा. आता तो २ झाला होता. म्हणजे ती गाडी कुणीतरी घेतली आहे. रीतसर नावावर केली आहे. तिथंही पूजा झाली असेल, समोर लिंबू-मिरची असेल, मागच्या सीटवर कुणाचे तरी आईवडील बसत असतील. त्यांचं नाव अ‍ॅपवर अर्धंच दिसतं, पत्ता दिसत नाही. त्यांना शोधून सांगण्याचा मार्ग माझ्याकडे नाही.

म्हणून हे लिहिलं. पांढरी हॅचबॅक, २०१८ चं मॉडेल, एमएच ३१ चा नंबर. तुमच्या दारात किंवा शेजाऱ्याच्या दारात अशी गाडी नुकतीच आली असेल तर एवढं करा, ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरा आणि शेवटपर्यंत ओढून पाहा. मातीची रेघ दिसली तर तिला रात्री रस्त्यावर काढू नका.